पांढरीचं ओझं

मृग लागायच्या आधी आत्याच्या गावी माळवदावर माती टाकायचं काम निघायचं. गावाबाहेरच्या खाणीतून पांढरी माती यायची, कधी गाढवांवरून, कधी बैलगाडीतून. छतावर पसरायची, पाणी शिंपडून बडवायची, वाळल्यावर भेगा हेरून पुन्हा लिंपायची. पाऊस घरात उतरू नये, एवढाच त्यातला हेतू. पण आधीची माती खाली काढायची पद्धत नव्हती. आजेसासऱ्यांच्या थरावर सासऱ्यांचा थर, त्यावर नवऱ्याचा. "आमच्या डोक्यावर तीन पिढ्यांची माती हाय," असं आत्या हसून सांगायची. उन्हाळ्यात त्या घरात पंखा लागत नसे, हेही ती तितक्याच कौतुकानं सांगायची. हे सगळं १९९३च्या आधीचं.

मराठवाड्यात शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. पोट काळीवर भरायचं, संसार पांढरीत करायचा. त्या पांढरीच्याच नावाची माती दर वर्षी घरावर चढत गेली आणि छत फूट-दीड फूट, काही घरांत त्याहूनही जाड झालं. खाली दोन-अडीच फुटांच्या दगडी भिंती. बघणाऱ्याला वाटावं, हत्तीनं धडक दिली तरी हलायच्या नाहीत. पण त्या भिंती खरं तर दोन होत्या. बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मधे चिखल आणि गोटे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच कुठे असायचा. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटायचे आणि वर साठवलेल्या पिढ्या खाली यायच्या.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. मिरवणुकीतून उशिरा परतलेले लोक नुकते आडवे झाले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांच्या सुमारास किल्लारीच्या आसपास, जमिनीखाली साधारण दहा किलोमीटरवर खडक सरकला. तीव्रता ६.२. जगाच्या हिशेबात हा काही महाभूकंप नव्हे. एवढ्या ताकदीचे धक्के इतरत्र बऱ्याचदा खिडक्यांची तावदानं फोडून आणि जुन्या इमारतींना तडे देऊन जातात. इथे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं बसली. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात तोवर हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक पट्ट्यात होता. २००२च्या सुधारित नकाशातून पहिला पट्टाच काढून टाकला गेला.

जमिनीनं सूचना दिली नव्हती, असंही म्हणता येत नाही. १९९२च्या पावसाळ्यापासून किल्लारी परिसरात बारीक धक्के बसत होते, भांडी वाजत होती, जमिनीतून आवाज येत होते. ऑक्टोबरात एक धक्का बऱ्यापैकी मोठा बसला. लोक काही दिवस अंगणात झोपले. पण भीतीलाही कंटाळा येतो. थंडी पडली, सुगी आली, लोक घरात गेले.

आता आकड्यांकडे येतो. या लेखाचं कारण म्हणजे हे आकडेच. अहवालांत किल्लारीच्या भूकंपातले मृत ७,९२८ आहेत. मेलेली जनावरं १५,८५४. आणि जखमी? 'सुमारे १६ हजार'.

ही ओळ मी किती तरी वेळा वाचली होती आणि दर वेळी पुढे गेलो होतो. एकदा थांबलो. मृतांची मोजणी एककापर्यंत झाली आहे. जनावरांचीही, बैल, म्हैस, शेळी धरून. गोल आकडा फक्त जखमींचा. यात कुणाचा दुष्टपणा आहे असं मला वाटत नाही. मृतामागे मदत मिळायची होती, जनावरामागेही मिळायची होती, म्हणून पंचनामा झाला, सही-अंगठा झाला. पडलेल्या घराचाही पंचनामा झाला. मोडलेल्या माणसाचा हिशेब मात्र ज्या त्या रुग्णालयाच्या केसपेपरवर राहिला, आणि केसपेपर कुठे जातात हे सरकारी दवाखान्याची पायरी चढलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

मी तेव्हा सोलापुरात कॉलेजात होतो. पहाटे आमच्याकडेही खाटा हलल्या होत्या. सकाळी उमरग्याच्या बाजूनं येणाऱ्या ट्रकांमधून माणसं उतरवली जाऊ लागली, तसे आम्ही पोरं एका रुग्णालयात जाऊन उभे राहिलो. कामाचं काहीच येत नव्हतं. सलाईनच्या बाटल्या अडकवायला स्टँड पुरेनात, तेव्हा एका सिस्टरनं माझ्या हातात बाटली दिली आणि म्हणाली, "हात खाली आणू नकोस." दुपारपर्यंत मी तसाच उभा होतो, एका हातात बाटली, हात भरून आला की दुसऱ्या हातात. खाली सतरंजीवर एक म्हातारा होता. त्याच्या मनगटाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बॉलपेननं गावाचं नाव लिहिलेलं होतं. माणसाचं नाव विचारायला कुणाला सवड झाली नव्हती. एकाच गावाची चिकटपट्टी मी त्या व्हरांड्यात अकरा मनगटांवर मोजली.

आत्या तिथेच, दुसऱ्या मजल्यावर सापडली. खुब्याचं हाड मोडलं होतं. पाय ताणून ठेवण्यासाठी वजन लावायचं, तर वजनं संपलेली. कुणीतरी बांधकामावरच्या विटा आणून, सुतळीनं बांधून तिच्या पायाला लटकावल्या होत्या. पुढचे कित्येक आठवडे ती त्या विटांकडे बघत पडून होती.

तेव्हा आपल्याकडे आपत्कालीन वैद्यकसेवा म्हणावी असं काही नव्हतंच. एक नंबर फिरवला की गाडी येते, ही कल्पना सिनेमातली. प्राथमिक आरोग्य केंद्राची जीप असली तर असायची, ती चालू असली तर नशीब. आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून भारतीय वैद्यक परिषदेनं मान्य केली २००९ साली, म्हणजे किल्लारीनंतर सोळा वर्षांनी. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल २००६चं. त्या पहाटे यांतलं काहीच नव्हतं. ट्रॅक्टर होते, दुधाचे टेम्पो होते, एसटी होती. लष्कर आलं आणि त्यानं अचाट काम केलं. पाचव्या दिवशी एका गावात जवानांनी दीड वर्षांची मुलगी ढिगाऱ्यातून जिवंत काढली, ते अजून सांगितलं जातं. पण पाचव्या दिवशी निघालेली ती मुलगी अपवाद म्हणूनच लोकांच्या लक्षात आहे.

भूकंपात माणूस वाचतो तो पहिल्या काही तासांत, आणि त्याला वाचवतो तो शेजारी. चीनमधल्या तांगशानच्या १९७६च्या भूकंपाची आकडेवारी यासाठी नेहमी पुढे केली जाते. तिथे पहिल्या अर्ध्या तासात बाहेर काढलेल्यांपैकी ९९ टक्के जगले, पहिल्या दिवसभरात काढलेल्यांपैकी साधारण ८१ टक्के, आणि दुसऱ्या दिवशी काढलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश. किल्लारीत घड्याळ आणखी निष्ठुर होतं. सिमेंटची इमारत पडते तेव्हा स्लॅबखाली कुठेतरी पोकळी राहते, तिथे हवा असते. दगड-मातीचं घर पडलं की पोकळी राहत नाही. पांढरी बारीक आणि पिठासारखी. ती नाकातोंडात जाते. अनेकांच्या अंगावर मोठी जखमच नव्हती, असं उकरणारे सांगायचे.

आणि उकरणार कशानं? अंधारात, वीज गेलेली, खोरी-कुदळी त्याच ढिगाऱ्याखाली. हातांनी उकरायचं, आवाज आला की हात सापडेपर्यंत माती सारायची आणि सापडलेला हात धरून ओढायचं. यात दोष कुणाला द्यायचा? पण मणका मोडलेल्या माणसाला असं ओढलं, की उरलासुरला मज्जारज्जूही जातो. कमरेखालचं सगळं कायमचं बंद. पाठ सरळ ठेवून, डोकं-मान-कंबर एका रेषेत धरून, चौघांनी मिळून ओंडका फिरवावा तसं वळवायचं आणि फळीवर घ्यायचं असतं. गावात फळ्या पडलेल्या होत्या, दारं उखडून निघाली होती. माहिती असती तर दारही चाललं असतं.

दुसरी गोष्ट याहून चकवणारी. भूकंपाच्या प्रत्येक प्रदेशात ती वेगवेगळ्या भाषेत सांगितली जाते: काढलं तेव्हा चांगला बोलत होता, पाणी मागितलं, आणि तासाभरात गेला. लोक म्हणतात, धसक्यानं गेला. वैद्यकशास्त्राला याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात सापडलं. लंडनवर बॉम्ब पडत असताना, १९४१ साली, बायवॉटर्स आणि बील यांनी ढिगाऱ्यातून काढलेल्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. चौघांचेही हातपाय तासन्‌तास दबलेले होते आणि काही दिवसांत मूत्रपिंडं बंद पडून ते गेले. दाबाखाली स्नायू मरतो. दाब आहे तोवर त्यातलं विष तिथेच अडकून असतं. दगड उचलला की पोटॅशियम आणि स्नायूतलं रंगद्रव्य रक्तात सुटतं. पहिल्यानं हृदय थांबू शकतं, दुसऱ्यानं मूत्रपिंड तुंबतं. म्हणून हल्लीचं शास्त्र सांगतं की शक्य असेल तिथे दगड उचलायच्या आधी, माणूस ढिगाऱ्यात असतानाच सलाईन सुरू करा, आणि पुढे डायलिसिसची सोय ठेवा. आर्मेनियातल्या १९८८च्या भूकंपानंतर मूत्रपिंडतज्ज्ञांनी यासाठी जागतिक पथकच उभारलं. तुर्कस्तानात १९९९ साली अशा ६३९ रुग्णांची नोंद झाली, त्यांतल्या ४७७ जणांना डायलिसिस मिळालं. तिथे जखमी मोजले गेले होते. किल्लारीत असे किती होते, ते 'सुमारे' या शब्दात विरघळून गेलं.

त्यात पुढचे दिवस पाऊस. चिखल झालेल्या पांढरीतून माणसं काढायची आणि ओल्या लाकडावर चिता पेटवायच्या.

पुनर्वसनाबद्दल मात्र किल्लारीचं नाव जगभर घेतलं जातं, आणि ते उगाच नाही. शरद पवार मुख्यमंत्री होते, लातूरला प्रवीणसिंह परदेशी जिल्हाधिकारी होते. जागतिक बँकेनं १९९४ साली २४ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज दिलं आणि तेव्हाच्या मानानं अवाढव्य कार्यक्रम उभा राहिला. ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या ठिकाणी वसवली, तिथे सुमारे २८ हजार घरं बांधली. तेरा जिल्ह्यांतल्या जवळपास दोन लाख घरांची डागडुजी आणि मजबुतीकरण झालं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली.

यातला मजबुतीकरणाचा भाग मला सगळ्यांत रोचक वाटतो, कारण त्यात पहिलं काम होतं माळवद हलकं करणं. पिढ्यान्‌पिढ्या चढवलेली माती उतरवायची. मग भिंतींना ठिकठिकाणी भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरून आरपार दगडाची उणीव भरून काढायची, लिंटेलच्या पातळीवर घराला पट्टा बांधायचा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरके आधार द्यायचे. हे लोकांच्या गळी उतरवायला इंजिनिअर पुरे पडत नव्हते. घरटी सतरा ते चौतीस हजार रुपये मिळणार, तर त्यात जुन्या भिंतीला ठिगळं कशाला लावायची, एक नवी स्लॅबची खोली काढू, असा सरळ हिशेब होता. आणि बऱ्याच जणांनी तेच केलं: नवी खोली पेटी-कपाटाला, राहणं जुन्याच घरात. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेनं महिला मंडळांतल्या बायकांना पुढे काढलं. त्यांना 'संवाद सहायक' म्हणायचे. डोक्यावर पदर घेतलेल्या बायका गवंड्याला 'इथं सळई दिसंना' म्हणून काम थांबवायला लागल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका तिकडे गेल्या आणि भाषा येत नसताना कच्छी बायकांना भिंत कशी बांधायची ते दाखवून आल्या. भूकंपानं मराठवाड्याला दिलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींत मी ही एक धरतो.

नव्या गावांचं काय? घरं जमिनीच्या मालकीवरून ठरली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला अडीचशे चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत चारशे, त्यापुढे साडेसातशे. जुनी उतरंड नव्या सिमेंटात ओतून पक्की केली, असं कुणी म्हटलं तर खोडून काढणं अवघड आहे. आखणी शहरातल्या कॉलनीसारखी, सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, सगळी घरं सारखी. जुन्या गावात बोळातून चार पावलांवर जाऊबाई होती, आता मधे तीस फुटांचा रस्ता. शेत लांब पडलं. गोठ्याला जागा नाही. आणि जवळजवळ प्रत्येक घरापुढे, त्या भूकंपरोधक घराला टेकून, पत्र्याचं शेड. आत्याचंही आहे. पक्क्या घरात धान्य, देव आणि टीव्ही. झोपायला शेड. "पत्रा पडला तर खोक पडंल, जीव न्हाई जात," हा तिचा स्थापत्यशास्त्राचा सिद्धान्त. उन्हाळ्यात ते शेड तव्यासारखं तापतं. जुन्या माळवदाखाली पंखा लागत नव्हता, हे ती आता सांगत नाही.

भूकंपानंतर महिन्याभरानं दिल्लीच्या एम्समधल्या मानसोपचारतज्ज्ञांनी वाचलेल्या काही लोकांची पाहणी केली होती. पाहणी लहान होती, पण तपासलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांत निदान करण्याजोगा मानसिक आजार आढळला, आघातोत्तर ताण आणि नैराश्य हे मुख्य, आणि बायकांत प्रमाण जास्त. यावर उपचार म्हणजे गोळी असं नाही, पण शेड हा त्या आजारावरचा सगळ्यांत टिकाऊ घरगुती इलाज आहे, एवढं मला दिसतं.

शरीराच्या जखमांचं तर आणखी अवघड. मोडलेलं घर एकदा बांधलं की काम संपतं. मोडलेला मणका रोज सांभाळावा लागतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला खड्डे पडतात. लघवीच्या नळीतून संसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत जातो. ज्या घरातली सून किंवा आई नेटकी, तिथला माणूस वर्षानुवर्षं जगतो. जिथे ती नसते, तिथे तो दोन-चार वर्षांत जातो आणि त्याचं मरण भूकंपाच्या खात्यात धरलं जात नाही. खुब्यात बसवलेली पट्टी पंधरा वर्षांनी सैल होते. तुटलेला पाय इंचभर आखूड जुळतो आणि मग कंबर, मग दुसरा गुडघा. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं, उंबऱ्यापर्यंत जाणारी आरोग्यसेवा काय असते ते दाखवलं. पण जखमींची यादी घेऊन दर वर्षी त्यांच्या दारी जाणारी सरकारी व्यवस्था कार्यक्रमात नव्हती. यादीच नव्हती, तर दारी जाणार कुणाच्या?

यादी एकाच गोष्टीची टिकली. सरकारी नोकरीच्या जाहिराती वाचणाऱ्या पोरांना ती पाठ असते: प्रकल्पग्रस्त पाच टक्के, भूकंपग्रस्त दोन टक्के. भूकंपानंतर जन्मलेली पिढी आज तलाठी भरतीच्या, पोलीस भरतीच्या रांगेत 'भूकंपग्रस्त' म्हणून उभी असते. पडलेलं घर आज्याचं, प्रमाणपत्र नातवाच्या नावावर. ते कुणाच्या नावावर करायचं यावरून भावाभावांत अबोले झालेले मला माहीत आहेत. तेही एक पुनर्वसनच म्हणायचं. मात्र ते प्रमाणपत्र घर पडल्याचं असतं. आत्याच्या खुब्याला असं काही मिळालेलं नाही.

आता नंबर फिरवला की येणाऱ्या गाडीकडे वळू. हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ला १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली आणि हळूहळू राज्याराज्यांत गेली. महाराष्ट्रात ती आली २०१४च्या जानेवारीत: ९३७ रुग्णवाहिका, त्यांतल्या २३३ अत्याधुनिक जीवरक्षक यंत्रणेच्या आणि ७०४ मूलभूत. फोन लागतो तो पुण्याच्या औंधला. इतर बऱ्याच राज्यांत गाडीत तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे डॉक्टर ठेवला, बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर, आपत्कालीन उपचारांचं प्रशिक्षण दिलेला. चालकाला पायलट म्हणतात, आणि गावातली पोरं त्याला खरोखर त्याच रुबाबात हाक मारतात.

या गाडीनं ग्रामीण महाराष्ट्रात काय बदललं, हे सोलापूरच्या त्या व्हरांड्यात उभ्या राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. साप चावलेला, विहिरीत पडलेला, अडलेली बाळंतीण, छातीत कळ आलेला शेतकरी, हे सगळे आता ऑक्सिजन लावून निघतात. पण ही गाडी रोजच्या दुखण्यांच्या हिशेबानं आखलेली आहे आणि त्या हिशेबातच ती दमते. तिचा फार मोठा वेळ एका शब्दात जातो: रेफर. ग्रामीण रुग्णालयात सर्जन नाही, भूलतज्ज्ञाचं पद रिकामं, सोनोग्राफीवाला आठवड्यातून एकदा. मग 'लातूरला रेफर', 'सोलापूरला रेफर'. गाडी रुग्ण घेऊन शंभर किलोमीटर जाते, तिथे खाट मिळेपर्यंत थांबते, तिचं स्ट्रेचर मोकळं व्हायची वाट बघते आणि परत येते. त्या पाच-सहा तासांत मागच्या गावांना गाडी नसते. नकाशावर ठिपका असतो, ठिकाणावर गाडी नसते. डॉक्टर कंत्राटी, पायलट कंत्राटी, पाळी बारा-बारा तासांची. गाडीत तोच तरुण वैद्य एका रात्री बाळाची नाळ कापतो आणि दुसऱ्या रात्री हायवेवरच्या अपघातातले तुकडे गोळा करतो. त्याच्या झोपेचं काय, हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आपत्तीच्या दिवशी यातलं किती कामी येतं? माळीणची दरड कोसळली ३० जुलै २०१४ला, १०८ सुरू होऊन सहा महिने झाले होते. दीडशेच्या वर माणसं गेली. पण फोन करायला गावात फारसं कुणी उरलंच नव्हतं. गाव जागेवर नाही, हे पहिल्यांदा कळलं ते त्या रस्त्यानं नेमानं जाणाऱ्या एसटीच्या चालकाला. इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३च्या रात्री गाड्या होत्या, पण रस्ता नव्हता. रुग्णवाहिका डोंगराच्या पायथ्याशी रांगेत उभ्या आणि वाडी वर, पावसातून चिखलाची पायवाट चढून. ती चढताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. कच्छच्या भूकंपात भुजचं सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलं होतं. ज्याच्याकडे धावायचं, तोच ढिगाऱ्याखाली. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या रुग्णालयांच्या इमारती मी बघतो तेव्हा हे आठवतं. शाळा आणि घरं भूकंपरोधक करण्याच्या गोष्टी आपण फार केल्या, पण ज्या खोलीत जखमी आणायचे तिच्या भिंतीत सळई आहे का, हे कुणी भोक पाडून बघितलं असेल असं वाटत नाही.

प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. रस्ता मोकळा असला तरी तिथून किल्लारी पाच-सहा तास. तांगशानचे आकडे पुन्हा वाचा: ती येईपर्यंत जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलेलं असणार. म्हणजे १९९३ला जो आधी पोचला, तोच पुढच्या वेळीही आधी पोचणार, शेजारी. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळतं, चांगली गोष्ट आहे. पण चौघांनी मिळून माणूस फळीवर कसा घ्यायचा, हे आपल्याकडे गणपती मंडळाच्या पोरांना का शिकवत नाहीत, मला कळत नाही. दर वर्षी तीच चौघं मिळून मूर्ती उचलतात, आणि तिला कुठे धरायचं हे त्यांना न सांगता कळतं.

२०२२च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यात हासोरीला जमिनीतून आवाज यायला लागले, बारीक धक्के बसले. यंत्रावर ते किरकोळ होते. लोक मात्र अंथरूण-पांघरूण घेऊन रस्त्यावर आले. त्यांतल्या निम्म्यांचा १९९३ला जन्मही झाला नसेल. २०२४ला हिंगोलीकडे दोनदा ४.५चे धक्के बसले, तेव्हा आत्याच्या गावात पक्क्या घरांतून टीव्हीही बाहेर काढले होते.

परवाच्या आषाढात आत्या रात्री शेडमध्येच पडली. माझ्या भाच्यानं १०८ला फोन लावला. औंधवरून बाईंनी गावाचं नाव विचारलं, आणि लगेच, "जुनं की नवं?" भाचा म्हणाला, नवं. मग गल्ली सांगताना गडबड झाली, कारण सगळ्या गल्ल्या सारख्याच. शेवटी तो टॉर्च घेऊन डांबरी रस्त्यावर जाऊन उभा राहिला. गाडी अर्ध्या तासाच्या आत आली. डॉक्टर पंचविशीतला. त्यानं आत्याला हात लावायच्या आधी भाच्याला आणि शेजारच्या दोघांना सांगितलं, कुणी ओढू नका, आणि पाठ सरळ ठेवून तिला अलगद फळीवर घेतलं. मी हे बघत उभा होतो.

गाडीत चढल्यावर त्यानं फॉर्म काढला. नाव, वय, बीपी आहे का, शुगर आहे का, दमा आहे का. मग विचारलं, "आजी, आधी कधी फ्रॅक्चर झालं होतं?"

"खुबा मोडला हुता. भुकंपात."

"कुठला भूकंप?" त्यानं सहज विचारलं. तो कोल्हापूरकडचा होता.

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मग भाच्याला म्हणाली, "दाराला कडी नगं लावू."

डॉक्टरनं फॉर्मवर 'इतर' लिहिलेल्या चौकोनात खूण केली, पायलटला हाक दिली आणि गाडी लातूरच्या रस्त्याला लागली.